चला, काकड्याला चला!

तुम्ही कधी काकड्याला गेला आहात का? खरंच विचारते. पहाटे, अंधारात, अंगावर शाल घेऊन, गावच्या विठ्ठलमंदिरात, पंधरा-वीस माणसांच्या रांगेत टाळ वाजवत उभे राहिला आहात का? राहिला असाल तर मी एवढी का हरखले आहे ते तुम्हाला लगेच कळेल. नसाल, तर मला सगळं सांगू द्या, अगदी पहिल्यापासून सांगू द्या, कारण गेल्या कार्तिकापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. ऑफिसच्या बसमध्ये सांगितलं, भाजीवाल्या मावशींना सांगितलं, नणंदेला फोनवर सांगितलं, आणि तरी माझं सांगून झालेलं नाही.

काकडा म्हणजे काय ते आधी. कापडाला पीळ देऊन केलेली जाड वात तुपात भिजवायची, पेटवायची आणि तिने देवाला ओवाळायचं. ती वात म्हणजे काकडा, ती आरती म्हणजे काकडआरती, आणि त्या आरतीच्या आगेमागे तास-दीड तास जे भजन चालतं त्या सगळ्यालाही लोक काकडाच म्हणतात. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात तो रोज पहाटे होतो, देवाच्या दिवसाचा पहिला उपचार म्हणून. गावोगावी मात्र तो कोजागरी पौर्णिमेला सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेला, त्रिपुरारीला, त्याची समाप्ती होते. पूर्ण एक महिना. मधे दिवाळी येते, अमावास्या येते, थंडी वाढत जाते, तरी काकडा एकही पहाट चुकत नाही.

आणि हे सगळं माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर चालू होतं! मी राहते पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, नव्या उंच इमारतींच्या भागात. आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्याने पुढे गेलं की जुनं गावठाण लागतं. देहू एका बाजूला, आळंदी दुसऱ्या बाजूला, मधे आम्ही. इथल्या मातीत टाळ-मृदंग मुरलेला आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पालखीच्या दिवसांत रस्ते बंद होतात म्हणून ठाऊक होतं. पण पहाटेचा काकडा दाखवला तो आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी. ते परभणीकडचे. मुलीला सहलीच्या बसमध्ये बसवायला भल्या पहाटे खाली उतरले, तर काका गेटपाशी खुर्ची सोडून उभे होते, कान देऊन. मला म्हणाले, "ताई, ऐकू यायलंय का? काकडा सुरू झालाय गावात." मी कान दिला. खूप लांबून, झाडांच्या आणि पत्र्याच्या शेडच्या पलीकडून, टाळांचा आवाज येत होता. मी विचारलं, कुणालाही जाता येतं का? काका माझ्याकडे बघतच राहिले. "देवाच्या दारी कोण अडवतंय ताई? मला ड्युटी हाय. तुम्ही जा की!"

दुसऱ्या दिवशी मी गेले.

त्या चालण्याबद्दल आधी बोलू दे. पावणेपाचचा सुमार. आपल्या रोजच्या रस्त्यावर त्या वेळी आपल्या ओळखीचं काहीच नसतं. दुकानांची शटर बंद, रिक्षा रांगेत झोपलेल्या, दुधाच्या क्रेटचा टेम्पो तेवढा जागा. वर पाहिलं तर मृग नक्षत्र डोक्यावरून पश्चिमेकडे कललेलं, आणि त्याच्याही पुढे पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका, ज्यांच्यावरून या महिन्याला कार्तिक म्हणतात. इतकी वर्षं या शहरात राहून मी कधी वर पाहिलंच नव्हतं त्या वेळी. गावठाणात शिरलं की रस्ता अरुंद होतो आणि सगळं बदलतं. दोन-तीन दारांपुढे सडा पडलेला, एक बाई कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली रांगोळी घालत होती. एक आजोबा कानटोपी घालून माझ्यापुढे चालले होते, खांद्यावर उपरणं, हातात टाळांची पिशवी. त्यांच्या पिशवीतून प्रत्येक पावलाला बारीक किणकिण येत होती. मी त्या आवाजामागे चालत देवळापर्यंत पोचले.

देऊळ साधं आहे. दगडी गाभारा जुना, पुढचा सभामंडप नंतरचा, फरशी घातलेला, वर पंखे, भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या पाट्या. गाभाऱ्यात समया लावलेल्या, आणि कमरेवर हात ठेवून विठोबा-रखुमाई. माणसं जमत होती. येणारा प्रत्येक जण "रामकृष्ण हरी" म्हणत होता आणि वाकून समोरच्याच्या पाया पडत होता, आणि समोरचा लगेच याच्या पाया पडत होता. वयाचा, पैशाचा, कशाचाच हिशेब नाही. सत्तरीच्या एका गृहस्थांनी माझ्या पाया पडायला हात खाली नेला तेव्हा मी इतकी गडबडले की मीही तशीच वाकले. "या माऊली," ते म्हणाले. तिथे सगळ्यांना माऊलीच म्हणतात. बाईला माऊली, पुरुषाला माऊली, शाळकरी पोराला माऊली. नाव कुणी विचारलं नाही. बुक्क्याचं बोट कपाळाला लागलं आणि मी त्यांच्यातली झाले.

कोपऱ्यात पखवाज वाजवणारे दादा एका वाटीत कणीक मळत होते! मला वाटलं, प्रसादाचं काही असेल. तर त्यांनी त्या ओल्या कणकेचा गोळा पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापला, अंगठ्याने दाबून पसरवला, थाप मारून पाहिली, थोडी काढली, पुन्हा थोडी लावली. त्या कणकेमुळे डाव्या बाजूला तो भरदार, घुमणारा नाद येतो. भजन झालं की ती खरवडून काढायची, दुसऱ्या दिवशी नवी लावायची. रोज पहाटे नव्या पिठाचा नाद! दादांचं दिवसाचं काम गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, आणि इथे सगळे त्यांना मृदंगमणी म्हणतात. केवढा शब्द आहे, आणि केवढ्या सहज त्यांना तो देतात.

मग दोन रांगा झाल्या, एकमेकींकडे तोंड करून. मधे वीणेकरी, गळ्यात वीणा घेतलेले, तेच ते किणकिणत्या पिशवीचे आजोबा. टाळांची पिशवी त्यांनी दुसऱ्यांसाठी आणली होती. त्यातला एक जोड त्यांनी माझ्या हातात दिला. मला येत नाही हो, असं मी म्हणेपर्यंत शेजारच्या आजींनी माझी बोटं दोरीत अडकवून टाळ कसा धरायचा ते दाखवलंसुद्धा. "मृदंगाकडं कान ठेव, हात आपोआप येतोय," म्हणाल्या. आणि खरंच येतो! भजनी ठेका इतका भक्कम, इतका घरचा असतो की अर्ध्या तासात मी टाळ वाजवत होते, आणि मला कळलंही नव्हतं की मी वाजवते आहे.

आता जे गातात त्याबद्दल. इथे मला थांबायचं आहे, कारण मला या रचनेने वेड लावलं आहे. मला वाटलं होतं दोन-चार अभंग, एक आरती, प्रसाद, संपलं. तसं नाही. काकड्याची एक मालिकाच आहे, पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेली. आधी मंगलाचरण. मग काकड्याचे अभंग, त्यात ती वात पेटवून ओवाळणं. मग भूपाळ्या, देवाला उठवण्याच्या. आणि मग एकेक पात्रं यायला लागतात! वासुदेव येतो. मोरपिसांची उंच टोपी घालून, चिपळ्या वाजवत पहाटे दारोदार फिरणारा, तो वासुदेव अभंगातून येतो. जोगी येतो. मग आंधळा येतो, पांगळा येतो, मुका येतो, बहिरा येतो. पुढे दळण येतं, गौळणी येतात. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम, जनाबाई, सगळे त्या एका तासात भेटून जातात.

तुम्ही विचार करा. पहाटेचे साडेपाच वाजले आहेत, आणि वीसेक धडधाकट माणसं उभी राहून गात आहेत की मी आंधळा आहे, वाटेवर बसलो आहे, मला दिसत नाही. लगेच पुढे गात आहेत की मी पांगळा आहे, मला चालता येत नाही, कुणीतरी हात द्या. मुका गातो! स्वतःच्या विद्वत्तेच्या गर्वाने ज्याची वाचा गेली असा मुका. बहिरा गातो, हरिकथेला ज्याने कधी कान दिला नाही असा बहिरा. एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात पैठणला बसून ही भारुडं रचली, रस्त्यावरचा एकेक भिकारी, एकेक फिरस्ता, एकेक सोंग उचललं आणि त्याच्या तोंडी अध्यात्म घातलं. मी शाळेत हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण स्वतःच्या गळ्याने, पहाटेच्या थंडीत, शेजारच्या आजींच्या आवाजात आवाज मिसळून "मी बहिरी आहे" अशा अर्थाचं काही मोठ्याने गाणं ही वेगळीच गोष्ट आहे. माझ्या अंगावर काटा आला. आदल्या दिवशी मुलगी काहीतरी सांगत होती आणि मी लॅपटॉपकडे बघत हं-हं म्हणत होते ते मला तिथे, ठेक्यावर, टाळ वाजवता वाजवता आठवलं. कुणी उपदेश केला नाही. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. सगळेच बहिरे होते त्या घटकेला, सगळे मिळून गात होते, आणि पुढच्या चालीवर गौळण सुरू झाली की सगळे हसत होते. एवढ्या सरळपणे आपली व्यंगं आपणच गाऊन टाकायची आणि पुढे जायचं, ही सोय आपल्या भाषेत आहे, रोजच्या पहाटेसाठी आहे, फुकट आहे, आणि आपण ती वापरत नाही!

आणि मुख्य गोष्ट तर मी अजून सांगितलीच नाही. काकड्यात कुणी काही मागत नाही.

मला प्रार्थना म्हणजे मागणं एवढंच माहीत होतं. परीक्षा, नोकरी, आजारपण, गृहकर्ज. सकाळी देवापुढे हात जोडायचे ते यादी घेऊनच. इथे देवाला उठवायचं असतं. भूपाळीत त्याला सांगायचं असतं की उजाडत आलं, पाखरं बोलायला लागली, भक्त दारात उभे आहेत, आता डोळे उघड. एखाद्या लेकराला उठवावं तशी ही भाषा आहे, लाडाची, थोडी लटक्या रागाची. दिवसातली आपली पहिली हाक, आपल्या गळ्यातून निघालेला पहिला सूर दुसऱ्या कुणासाठी असतो. मला हे इतकं नवं होतं की मी देवळातून परत येताना रस्ताभर त्याचाच विचार करत होते. जगात सगळीकडे पहाटेची प्रार्थना आहे, पण देवाची झोपमोड करायला गाव जमतं, आणि तेही हक्काने, प्रेमाने, हे मला फार म्हणजे फारच आवडलं.

मी वीणेकरी आजोबांना विचारलं, देव खरंच झोपतो का हो? ते वीणेच्या तारा पुसत होते. म्हणाले, "झोपो नाहीतर न झोपो, आपलं काम हाक मारायचं." आणि मग त्यांनी मला पंढरपूरची गोष्ट सांगितली, ती ऐकून मी थक्क झाले. एरवी पंढरपुरात रोज पहाटे काकडा आणि रोज रात्री शेजारती. पण आषाढी-कार्तिकीच्या यात्रेआधी देवाचा पलंग निघतो. म्हणजे शेजघरातला पलंग खरोखर बाहेर काढतात. मग देव झोपायलाच जात नाही. लाखो माणसं आपल्या भेटीला आलीत तर आडवं कसं व्हायचं? देऊळ रात्रंदिवस उघडं. उभ्या देवाला शीण होऊ नये म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा लोड देतात, रखुमाईच्या पाठीशी तक्क्या. जो झोपलाच नाही त्याला उठवायचं कसं, म्हणून त्या दिवसांत काकडाही बंद, शेजारतीही बंद. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा, देवाला न्हाऊ-माखू घालणं, शीण काढणं, आणि मग पुन्हा पलंग, पुन्हा झोप, पुन्हा पहाटेची हाक. आजोबा हे सांगताना त्यांच्या आवाजात देवाबद्दल अशी काळजी होती की मी तिथेच बसून राहिले, चहा निवून गेला तरी.

आणि कार्तिकातच हे गावोगावी का, त्याचंही कारण तिथेच समजलं. आषाढी एकादशीला देव झोपतो, चार महिने चातुर्मास, आणि कार्तिकी एकादशीला उठतो. तिला प्रबोधिनी म्हणतात ती यासाठीच. म्हणजे हा महिना वर्षाची पहाट. रोजची पहाट आणि वर्षाची पहाट एकावर एक आलेली!

शरीराचंही सांगते, कारण मी ध्यानाचे बरेच प्रकार ऐकून होते आणि माझ्यासारख्या माणसाला डोळे मिटून स्वस्थ बसणं जड जातं. इथे बसायचं नाहीच. हातांना टाळ दिलेला आहे, गळ्याला चाल दिलेली आहे, पायांना ठेका दिलेला आहे, डोळ्यांसमोर समयांच्या उजेडातली मूर्ती आहे. मन भटकायला मोकळं राहतच नाही. अभंगाची ओळ लांबवून गायची म्हणजे श्वास आधी पोटभर घ्यावा लागतो आणि मग सावकाश, ओळ संपेपर्यंत सोडावा लागतो. पुढचे गातात तेव्हा आपण घ्यायचा, आपण गातो तेव्हा सोडायचा. तासभर असं केल्यावर छातीत जी मोकळीक येते ती मी किती दिवसांत अनुभवली नव्हती! आणि एकट्याने करायचं नसल्यामुळे नीट होतंय का, मन लागतंय का, ही चौकशी कुणी करत नाही, आपणही करत नाही. ओळ चुकली तर शेजारचा धरतो. दम लागला तर समोरची रांग गात असते. सबंध भार कधीच एकट्यावर येत नाही.

शेजारच्या त्या आजी. त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दळणाचा अभंग आला की त्या डोळे मिटतात आणि त्यांचा उजवा हात टाळ सोडून हलकेच गोल फिरायला लागतो. एकदा भजन संपल्यावर म्हणाल्या, "आमच्या वेळेला बायका कुठं देवळात येत्यात पहाटं? आमचा काकडा जात्यावर." त्या मुळशीकडच्या माहेरच्या. पहाटे चार वाजता उठून दोन बायका समोरासमोर बसायच्या, जात्याचा खुंटा धरायच्या आणि पहिली ओवी देवाला. मग आईला, भावाला, लेकीला, पंढरीच्या वाटेला. दळण संपेपर्यंत ओव्या संपायच्या नाहीत. मला एकदम आठवलं, याच मुळशी-मावळच्या डोंगरांतून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली होती आणि पुढे महाराष्ट्रभरातून त्या 1 लाखाहून जास्त जमल्या. लाखाहून जास्त! शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी पहाटेच्या अंधारात पीठ दळता दळता रचलेल्या. विजेच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे हात सुटले, ते फार चांगलं झालं, त्या कष्टाला मी सुंदर म्हणणार नाही. पण त्या कष्टातही त्यांनी दिवसाचा पहिला शब्द देवाच्या, माणसांच्या नावे केला, आणि तो गाऊन केला. जनाबाईंच्या जात्याला विठ्ठलाचा हात लागला, ही गोष्ट आजी अशी सांगतात की जणू शेजारच्याच घरात घडली. आता त्या देवळात येतात. पहिल्या रांगेत उभ्या राहतात. गौळणींना त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर असतो आणि वीणेकरी आजोबा हसून त्यांना पुढचं ध्रुवपद देतात.

दिवाळीत तर काय सांगू! नरकचतुर्दशीला सगळे अभ्यंगस्नान उरकून आले होते. देवळात उटण्याचा, सुगंधी तेलाचा वास, आणि त्यात तुपाच्या वातीचा. मुलं नवे कपडे घालून आली होती, डोळे चोळत. माझी लेक त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याबरोबर आली, ती केवळ फटाक्यांपर्यंत वेळ काढायला. आणि मृदंगमणी दादांनी तिला विचारलं, "कणीक लावतेस का?" झालं! तिने लावली, थाप मारली, देऊळ घुमलं, आणि तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. प्रसादाला लोणी-खडीसाखर होती. लोण्याचा गोळा तळहातावर घेऊन ती पायरीवर बसली तेव्हा पूर्वेला फटफटत होतं.

त्रिपुरारीला समाप्ती झाली. देवळाच्या पायऱ्यांवर, कट्ट्यावर, पारावर पणत्या. काल्याचे अभंग झाले, दहीकाल्याचा प्रसाद सगळ्यांना एकाच पातेल्यातून, मग दिंडी निघून गावाला वेढा घालून आली. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यापर्यंत दिंडी आली होती. वॉचमनकाकांची रात्रपाळी संपली होती. ते टोपी काढून दिंडीत शिरले आणि अशी पावली खेळले, अशी खेळले, की दिंडी त्यांच्यासाठी थांबली. मराठवाड्यातली पावली थोडी वेगळी पडते, दादा मला म्हणाले. मला तो फरक समजला नाही, पण त्यांच्या पायांत केवढं गाव होतं ते दिसलं.

महिना संपला की पुढे काय, ही हुरहुर मला समाप्तीच्या आधीच लागली होती. मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "घरी एक अभंग. एकच. पण उठल्या उठल्या, दुसरं काही बोलायच्या आत." आता मी तेच करते. उठते, तोंड धुते, गॅलरीचं दार उघडते आणि एक भूपाळी गाते. टाळ आळंदीहून आणला आहे, पण शेजाऱ्यांच्या झोपेसाठी तो दोन बोटांनी दाबून वाजवते. फोन तोपर्यंत दुसऱ्या खोलीत असतो. पाच-सात मिनिटं लागतात. आवाज पहाटे जाड असतो, सूर लागायला दुसरी ओळ उजाडते. नवरा आधी कूस बदलून झोपायचा. आता चहाचं आधण ठेवतो आणि ध्रुवपदाला येतो. लेक शनिवार-रविवारी येते. देवाला उठवायचं काम आता आमच्या घरात वाटून घेतलेलं आहे, आणि त्यामुळे कामाच्या दिवसाला जी एक ऐट आली आहे ती मी कशी सांगू! बसच्या रांगेत उभी असते, ईमेल यायला लागलेले असतात, आणि मला आतून माहीत असतं की आजचं पहिलं काम मी केलेलं आहे, ते कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचा कुणाला अहवाल द्यायचा नाही.

म्हणून म्हणते, या. पुणे, नगर, नाशिक, सातारा, मराठवाडा, जिथे कुठे वारकऱ्यांची वस्ती आहे तिथे कोजागरीनंतर पहाटे खिडकी उघडून नुसतं ऐका, कुठून तरी टाळ ऐकू येईलच. देवळात आदल्या संध्याकाळी जाऊन वेळ विचारून घ्या, कारण काही गावांत चारला सुरू होतं आणि काही ठिकाणी पाचला. शाल घ्या, पायमोजे घ्या, सभामंडपाची फरशी गार असते. काकड्याच्या भजनांचं छोटं पुस्तक आळंदी-पंढरपूरच्या दुकानांत सहज मिळतं, त्यात सगळी मालिका क्रमाने असते. पण पुस्तकात पाहून गाण्यापेक्षा शेजारच्याच्या तोंडाकडे पाहून गायलं तर लवकर येतं. गाता येत नाही म्हणून मागे उभे राहू नका, पुढे घेतातच. काम असेल तर भूपाळीपर्यंत थांबून निघालात तरी कुणी काही म्हणत नाही. पण मला विचाराल तर आंधळ्या-पांगळ्यांपर्यंत तरी थांबाच. आणि लहान मुलांना बरोबर न्या, पखवाजवाल्यांजवळ उभं करा, बाकीचं ते बघून घेतील.